चित्रे धुरातच राहतील: लंडनच्या नॅशनल गॅलरीची पार्श्वभूमी

युरोपातली अनेक मोठी चित्रसंग्रहालये राजांच्या संग्रहांतून उभी राहिली. प्रादोतली जुनी चित्रे स्पेनच्या राजांची, आणि लूव्हर तर मुळात राजवाडाच. लंडनच्या नॅशनल गॅलरीचे तसे झाले नाही. ब्रिटिश राजघराण्याचा संग्रह आजही वेगळा आहे. १८२४ साली संसदेने जॉन ज्युलियस अँगरस्टाइन या दिवंगत विमा-व्यावसायिकाची ३८ चित्रे ५७,००० पौंडांना विकत घेतली आणि पॅल मॅल रस्त्यावरच्या त्याच्याच घरात ती लोकांना दाखवायला सुरुवात केली. संग्रहाच्या यादीत पहिला क्रमांक आजही त्या खरेदीतल्या चित्राचा आहे: सेबास्तियानो देल पिओम्बोचे ‘लाझारसचे पुनरुत्थान’.

घर लहान, गर्दी मोठी. त्यामुळे विल्यम विल्किन्सने बांधलेली ट्रफाल्गर चौकातली इमारत १८३८ साली खुली झाली. जागा विचार करून निवडली होती. पश्चिमेकडचे श्रीमंत बग्गीतून आणि पूर्वेकडचे गरीब पायी, दोघांनाही येता यावे, हा हिशेब होता. पण मागे सैनिकांची बराक आणि गरिबांचे श्रमगृह (वर्कहाउस) असल्याने इमारत मागे वाढवता आलीच नाही. पुढून मागे ती एका दालनाइतकीच राहिली. त्यातही १८६८ पर्यंत अर्धा भाग रॉयल अकादमी या चित्रकारांच्या संस्थेकडे होता.

सर्वांना परवडेल आणि पोहोचता येईल अशी जागा हीच चित्रांच्या मुळावर आली. चित्रांच्या अवस्थेबद्दल झालेल्या १८५० च्या चौकशीत चित्रकार चार्ल्स ईस्टलेक आणि शास्त्रज्ञ मायकेल फॅरडे यांचा सहभाग होता. जवळच्या सार्वजनिक स्नानगृहाची आणि चौकातली कारंजी चालवणाऱ्या यंत्राची धुराडी सतत कोळशाचा धूर ओकत, तो दालनांत शिरे. आत माणसांची धूळ आणि श्वासातली वाफ. पाऊस आला की लोक आसऱ्याला येत. शिदोरीच्या टोपल्या घेऊन खुर्च्या ओढून बसणारी कुटुंबे तिथल्या कीपरने, म्हणजे संग्रह सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याने, साक्षीत नोंदवली आहेत.

या काजळीला वार्निशने मदत केली. त्या काळी गॅलरीत मॅस्टिक राळेत जवसाचे तेल मिसळलेले वार्निश वापरत. निव्वळ राळेचा थर योग्य द्रावकाने उतरवता येतो. तेल मिसळले की तो सुकताना कडक होतो, पिवळा-तपकिरी पडतो, धूळ धरून ठेवतो आणि काढायला गेले तर खालच्या रंगाला धोका पोहोचतो. तरीही साफसफाई केली तर ‘चित्रे खरवडली’ अशी ओरड व्हायची. १८४० च्या दशकात ती इतकी वाढली की कीपर असलेला ईस्टलेक पद सोडून गेला, आणि १८५३ साली संसदीय समितीपुढे हा सगळा वाद आला. मवाळ उपाय म्हणून अनेक चित्रांवर काच बसवण्यात आली.

गॅलरी लंडनच्याच पश्चिमेकडच्या केन्सिंग्टनच्या स्वच्छ हवेत न्यावी, असा प्रस्ताव गंभीरपणे पुढे आला. १८५७ च्या जागा-आयोगापुढे न्यायमूर्ती कोलरिज यांनी मांडलेले मत माझ्या मते या संस्थेचा खरा पाया आहे: चित्रे टिकवणे हे संग्रहाचे अंतिम उद्दिष्ट नव्हे, लोकांना उन्नत आनंद देण्याचे ते साधन आहे. गॅलरी हलली नाही.

दरम्यान १८५५ साली ईस्टलेक पहिला संचालक म्हणून परतला. खरेदीसाठी त्याच्या हाती वर्षाला १०,००० पौंड होते आणि तो दर वर्षी शरद ऋतूत इटलीत फिरे. उच्चेलोचे ‘सान रोमानोची लढाई’ १८५७ साली आले. आरंभीच्या इटालियन चित्रकलेतली गॅलरीची आजची श्रीमंती बरीचशी त्याच्या फिरतीची आहे.

चित्रे आहे त्याच जागी जपण्याचा मार्ग मात्र अनपेक्षित ठिकाणी सापडला. दुसऱ्या महायुद्धात चित्रे वेल्समध्ये हलवली गेली आणि १९४१ पासून मॅनॉडच्या स्लेट खाणीत, डोंगराच्या पोटात बांधलेल्या विटांच्या खोल्यांत ठेवली गेली. खाणीतली हवा थंड आणि ओलसर, पण वर्षभर जवळपास तशीच. खोल्या थोड्या गरम ठेवल्या की आतली आर्द्रता खाली येऊन स्थिर होई. याचा फायदा लाकडी फलकावर रंगवलेल्या चित्रांना सर्वांत जास्त झाला. लाकूड दमट हवेत तंतूंच्या आडव्या दिशेने फुगते, कोरड्या हवेत आकसते. वरचा खडू-सरसाचा थर तितका हलत नाही, म्हणून रंगाला फोड येतात आणि पापुद्रे सुटतात. खाणीत हे जवळजवळ थांबले. युद्धानंतर चित्रे लंडनला परतली, हिवाळ्यात दालने तापवली गेली आणि पापुद्रे पुन्हा सुटू लागले. हवेतल्या आर्द्रतेचा चढउतार हेच कारण, हे आता संशयापलीकडचे होते. १९५० च्या सुमारास गॅलरीने पहिले वातानुकूलित दालन तयार केले, त्याच चौकात, त्याच गर्दीत, आणि प्रवेश विनामूल्य ठेवून.