पाणी मागून पडतं, टाकीत भरत नाहीत
‘युरोपात गाड्या पाण्यावर धावतात,’ असा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. गैरसमज साहजिक आहे. हायड्रोजनच्या फ्युएल सेल गाडीतून (हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन जोडून वीज बनवते आणि त्यावर धावते) खरंच पाणी ठिबकतं. पण ते इंधन नव्हे, चुलीतल्या राखेसारखं उरलेलं. टाकीत असतो ७०० बार दाबाचा (हवेच्या दाबाच्या सुमारे ७०० पट) हायड्रोजन, आणि पंपावर तो किलोवर मिळतो, लिटरवर नाही. हिशेब करून पाहा: पाण्यातून १ किलो हायड्रोजन काढायला साधारण ५० ते ५५ युनिट वीज लागते. त्या किलोत ऊर्जा ३३ युनिट, चाकांपर्यंत पोचते त्याच्या निम्मी.

युरोपचे कार-नियम सायलेन्सरपाशी मोजतात, म्हणून ही गाडी ‘शून्य उत्सर्जन’ ठरते. हायड्रोजन नैसर्गिक वायूपासून बनवला असेल (बहुतेक तसाच बनतो), तर कार्बन कारखान्यातच सुटलेला असतो.