ड्रॅक्युलाची उभी कॉलर

ड्रॅक्युला म्हटलं की उभ्या कॉलरचा काळा झगा डोळ्यांसमोर येतो. ब्रॅम स्टोकरच्या मूळ कादंबरीत ती कॉलर कुठेच नाही. तिथला काउंट, म्हणजे सरदार ड्रॅक्युला, आपल्याला पहिल्यांदा भेटतो तो लांब पांढऱ्या मिशांचा म्हातारा म्हणून, आणि पुढे तो लंडनमध्ये दिवसाढवळ्या फिरतो.

स्टोकरचा जन्म १८४७चा, डब्लिनजवळच्या क्लॉन्टार्फचा. सात वर्षांचा होईपर्यंत तो अंथरुणाला खिळून होता. आई शार्लट त्याला स्लायगोमधल्या १८३२च्या कॉलऱ्याच्या आठवणी सांगायची. मोठेपणी डब्लिनमध्ये सरकारी नोकरी करता करता तो बिनपगारी नाट्यपरीक्षणं लिहू लागला, त्यातून नट हेन्री आयर्व्हिंगशी ओळख झाली. त्यानंतर जवळपास सत्तावीस वर्षं तो आयर्व्हिंगच्या लंडनमधल्या लायसियम नाट्यगृहाचा व्यवस्थापक होता. रात्री नाटकाचा हिशेब आणि मधल्या वेळात लेखन!

१८९०च्या उन्हाळ्यात इंग्लंडमधल्या व्हिटबी या बंदरगावी सुट्टीवर असताना तिथल्या वाचनालयातल्या एका जुन्या पुस्तकात त्याला ‘ड्रॅक्युला’ हे नाव सापडलं. पाच वर्षांपूर्वी तिथे एक रशियन जहाज किनाऱ्याला लागून फुटलं होतं, तेही कादंबरीत आलं. कादंबरीतल्या काउंटच्या मुलखात, ट्रान्सिल्व्हानियाला, मात्र तो कधीच गेला नाही.

पुस्तक मे १८९७मध्ये बाजारात आलं. त्याच्या काही दिवस आधी, नाट्यरूपांतराचे हक्क आपल्याकडे राहावेत म्हणून, त्याने लायसियमच्या रंगमंचावर त्याचं वाचन करवून घेतलं होतं. धंद्यातल्या माणसाची ही सावधगिरी पुढे किती योग्य ठरली, ते पाहायला तो उरला नाही. एप्रिल १९१२मध्ये तो गेला.

पुढची लढाई पत्नी फ्लॉरेन्सने लढली, आणि या साऱ्या इतिहासात मला सगळ्यात जास्त आदर तिच्याबद्दल वाटतो. १९२२मध्ये जर्मनीत दिग्दर्शक मुर्नाऊचा ‘नोस्फेरातू’ हा चित्रपट आला. काउंटचं नाव बदलून ओरलॉक केलेलं, परवानगी घेतलेलीच नाही. विधवा बाई, उत्पन्नाचं साधन नवऱ्याचं हे एक पुस्तक. लेखकांच्या संघटनेच्या मदतीने ती कोर्टात गेली. निर्माती कंपनी दिवाळखोरीत निघाली, तेव्हा १९२५मध्ये कोर्टाने सर्व प्रती नष्ट करायचा हुकूम दिला. तरी काही प्रती वाचल्या. पिशाच्च सूर्यप्रकाशाने मरतं, ही आज सर्वांना पाठ असलेली गोष्ट त्याच चित्रपटाची देणगी. कादंबरीत ड्रॅक्युला मरतो सुऱ्यांच्या घावांनी.

हॅमिल्टन डीनला मात्र फ्लॉरेन्सने कादंबरीवर नाटक करायची रीतसर परवानगी दिली. १९२४मध्ये डर्बीत त्याचं नाटक लागलं आणि उभ्या कॉलरचा झगा आला तो या रंगभूमीवरून. नट प्रेक्षकांकडे पाठ करून उभा राहिला की कॉलरीआड डोकं झाकलं जायचं. तेवढ्यात तो खालच्या चोरदारातून निसटायचा आणि बाकीच्यांच्या हातात नुसता रिकामा झगा राहायचा.

बेला लुगोसीने ही भूमिका १९२७मध्ये ब्रॉडवेवर केली, १९३१मध्ये युनिव्हर्सलच्या चित्रपटात केली. १९५८पासून हॅमर या ब्रिटिश कंपनीच्या रंगीत चित्रपटांत ती क्रिस्टोफर लीकडे आली. लुगोसी १९५६मध्ये वारला, तेव्हा त्याला ड्रॅक्युलाच्या झग्यातच पुरलं.