बुवांची कुंभारीण आणि पान कापणारी मुंगी

परवा खानापूरकडं एका पारायणात बुवांनी तो नेहमीचा दृष्टांत दिला, कुंभारीण माशी अळीला मातीच्या घरात कोंडते, भोवती गुणगुणते आणि तिचं ध्यान करत करत अळीच शेवटी माशी होते. शेजारचे काका म्हटले, "आमच्या भिंतीवर रोज बगतो की!" बघतात ते खरंच, पण आत घडतं उलटं. माशी अळीला डंख मारून लुळी करते, सोबत अंडं घालून घर लिंपते, पिल्लू ती अळी खातं आणि बाहेर येते ती माशीचीच पोर. कीर्तनात चालेल, विज्ञान म्हणून खपवू नका.

पण कुंभारीण तशी साधीच. खरी बेरकी कोटेशिया, बारकी परजीवी गांधीलमाशी, आपल्या उसातल्या खोडकिडीवरसुद्धा हिची एक जात जगते. ही जित्या, हिंडत्या अळीच्या पोटात अंडी टोचते. आता अळीच्या रक्तातल्या पेशी परकं काही दिसलं की चहूबाजूनं चिकटून त्याला गुदमरवतात, मग अंडी वाचतात कशी? तर अंड्यांबरोबर माशी व्हायरसपण टोचते. हा व्हायरस तिला कुठून लागलेला नाही, सुमारे १० कोटी वर्षांपूर्वी तो तिच्या पूर्वजांच्या डीएनएतच मुरला, आता तिच्या अंडाशयातच त्याचे कण तयार होतात. कणांत डीएनएची कडी असतात, ती अळीच्या पेशीत शिरली की पेशी त्यावरून प्रोटीन बनवायला लागते आणि त्याच प्रोटीनमुळं वेढा घालायचं विसरते. कणांत व्हायरस वाढवायची जनुकं नसतातच, म्हणजे अळीत तो वाढत नाही, नुसता माशीचं काम करून जातो. काकांना हे सांगितलं तर म्हटले, "मग अळी थोडी माशी झालीच की!" आता काय बोलायचं.

गांधीलमाशीची लांबची बहीण म्हणजे पान कापणारी मुंगी. आपल्याकडं नाही, अमेरिका खंडात असते. तोडलेलं पान ती थेट पचवू शकत नाही, म्हणून चावून त्यावर बुरशी पिकवते आणि बुरशी खाते. शेतात दुसरी घातक बुरशी तणासारखी माजते, त्यावर काही जातींच्या मुंग्या अंगावर बॅक्टेरिया पाळतात, फवारणीचं औषध तेच बनवतात. म्हणजे दोघींचीही पोरं जंतूंच्या जिवावरच वाढतात, पण माशीचा व्हायरस डीएनएतूनच लेकीकडं जातो, मुंगीचं तसं नाही. नवी राणी उडताना तोंडातल्या पिशवीत बुरशीचा बारका गोळा घेऊन निघते, विरजण न्यावं तसं, आणि तो वाटेत मेला तर वारूळ उभंच राहत नाही.