सल, डोळा आणि नागपूरची थंडी

डिसेंबर लागला की नागपुरात घरोघरी कात्र्या निघतात. झाडं झोपलीत, आताच छाटून घ्या, असं जो तो सांगतो. सल्ला खोटा नाही, पण तो सफरचंदाच्या मुलखातला आहे. तिथे पानं गळून झाड खरंच झोपतं. आपल्याकडे पहाटे कुडकुडायला लावणारी थंडी असली तरी दुपारी पारा 28 अंशांच्या आसपास असतो. आंबा, संत्रा, गोडलिंब हिरवेगारच राहतात. फार तर वाढ मंदावते. म्हणून कॅलेंडर बघण्याआधी विचारायचं, या झाडाला फूल येतं कुठे? जुन्या काडीवर की नव्या फुटीवर?

आंब्याचा मोहर जून झालेल्या काडीच्या शेंड्यावर येतो. डिसेंबरात शेंडे छाटलेत तर कैऱ्याच छाटल्यात म्हणा. संत्र्याचंही तेच. आंबिया बहारासाठी, म्हणजे थंडी सरताना येणाऱ्या फुलोऱ्यासाठी, बागाईतदार पाणी तोडून झाडाला ताण देतात. थंडी आणि ताण मिळून डोळ्यांत, म्हणजे काडीवरच्या न फुटलेल्या कोंबांत, फूल ठरवतात आणि जानेवारी-फेब्रुवारीत ते बाहेर पडतं. म्हणून काटोलकडे तोडणीनंतर फक्त 'सल' काढतात, म्हणजे वाळक्या काड्या, थोडा हिरवा भाग घेऊन. सलीवर बुरशी दडते आणि तीच पुढे फळगळीला कारण होते.

गुलाब, मोगरा, जास्वंद मात्र नव्या फुटीवर फुलतात. इथे कात्री बिनधास्त चालवा. गुलाब ऑक्टोबरातच, मोगरा डिसेंबर-जानेवारीत, जास्वंद थंडी ओसरताना.

छाटल्यावर झाड झुपकेदार का होतं? शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं, ते खाली उतरत बाजूच्या डोळ्यांना दाबून ठेवतं. 1933 मध्ये थिमन आणि स्कूग या शास्त्रज्ञांनी बाकल्याच्या रोपांचे शेंडे खुडून तिथे ऑक्सिन लावलं, तर डोळे दबलेलेच राहिले. आता कळलंय की साखरेचाही यात हात असतो: शेंडा गेला की त्याच्या वाट्याची साखर डोळ्यांकडे वळते. म्हणून गुलाबाचा काप बाहेर तोंड केलेल्या डोळ्याच्या जरा वर घ्यायचा. नवी फांदी त्याच दिशेला जाते.

मोठी फांदी कापताना खोडाशी सपाट कापू नका. बुडाशी जो फुगीर कडा असतो, तो राहू द्या. झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. झाडांचे अमेरिकन अभ्यासक ॲलेक्स शिगो यांनी हजारो खोडं चिरून दाखवलं की झाड सडका भाग आतून भिंती घालून कोंडतं, आणि हा कडा त्या कामाचा मोठा आधार आहे. खुंटी लांब ठेवली तर ती सडते. संत्र्याच्या कापावर बुरशी रोखणारी बोर्डो पेस्ट लावतात: 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना, 10 लिटर पाणी.

आणि एक, हौसेनं झाडाला पार बोडकं करू नका. डिसेंबरचं ऊन गोड वाटतं, पण मे महिन्यात 45 अंशांवर तेच ऊन सावलीत वाढलेल्या सालीला भाजून काढतं. पश्चिमेकडच्या फांद्या तर ठेवाच. खोड उघडं पडलंच असेल, तर उन्हाळ्याआधी चुना लावून घ्या.