पाळी गेल्यानंतरची हाडं आणि हार्मोनची गोळी

पावसाळा लागला की फोंड्यातल्या आमच्या फार्मसीत मनगटाला प्लास्टर घातलेल्या बायका हमखास येतात. शेवाळलेल्या अंगणात पाय सरकतो, हात टेकला जातो, मनगट मोडतं. "फार जोरात नाही हो पडले," असं सांगतात आणि कॅल्शियमची बाटली मागतात. पन्नाशीनंतर एवढ्याशा पडण्यानं हाड मोडलं, तर दोष एकट्या अंगणाचा नसतो. आधी हाडं तपासून घ्या.

हाड आतून रोज थोडं झिजतं, रोज थोडं भरतं. ही झीज आवरून धरायचं काम इस्ट्रोजेन हे बायकांच्या अंगातलं हार्मोन करतं. पाळी जाताना ते घटतं आणि पुढची पाच-सात वर्षं हाडं सर्वांत वेगानं विरळ होतात. दुखत काहीच नाही, म्हणून कळतही नाही. कळतं ते डेक्सा तपासणीत, म्हणजे हाडांची घनता मोजणाऱ्या एक्स-रेत. त्यातला टी-स्कोर, म्हणजे तरुण निरोगी हाडांशी केलेल्या तुलनेचा आकडा, उणे 2.5 किंवा त्याहून खाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार.

घटलेलं इस्ट्रोजेन गोळीनं भरून काढता येतं. पण "हार्मोनच्या गोळ्यांनी कॅन्सर होतो ना?" हा प्रश्न आम्हांला सर्वांत जास्त विचारला जातो. ही भीती पसरली ती 2002 साली, अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासामुळे. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉन या दुसऱ्या स्त्री-हार्मोनसारखं औषध) एकत्र घेणाऱ्या 10,000 बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे सुमारे 8 रुग्ण जास्त आढळले. पण त्या बायकांचं सरासरी वय 63 होतं, आणि खुब्याचं हाड मोडण्याचं प्रमाण त्याच अभ्यासात साधारण एक तृतीयांशानं घटलं होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. आज साठीच्या आत, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत, अंगातून वाफा येऊन झोप उडत असेल तर बहुतेक निरोगी बायकांना या उपचाराचा फायदा धोक्याहून जास्त मानतात. हाडांची राखण त्यातच होते. औषध थांबवलं की ती राखणही ओसरते.

स्तनाचा कर्करोग, रक्ताची गुठळी, पक्षाघात किंवा यकृताचा गंभीर आजार होऊन गेला असेल, अथवा कारण न कळलेला रक्तस्राव होत असेल, तर हा मार्ग सहसा नाही. हाडांसाठी दुसरी औषधं आहेत.

शेजारणीची रिकामी पट्टी दाखवून "हीच द्या" म्हणाल, तर आम्ही देणार नाही. राग मानू नका. गर्भाशय असलेल्या बाईनं नुसतं इस्ट्रोजेन घेतलं तर आतलं अस्तर वाढून तिथं कर्करोगाचा धोका असतो. तिला जोडीला प्रोजेस्टेरॉन लागतं. शेजारणीचं गर्भाशय काढलेलं असेल, तुमचं नसेल.

कॅल्शियम दिवसाला 1000 ते 1200 मिलीग्राम पुरे, आहार धरून. नाचणीचं तिजन (खीर), दही, काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक मासळी यांतून बरंच मिळतं. कॅल्शियमची गोळी घेतलीच तर थायरॉईडच्या गोळीनंतर चार तास सोडून घ्या, नाहीतर थायरॉईडचं औषध अंगी लागत नाही.

डॉक्टरांकडे जाताना चालू औषधांच्या सगळ्या पट्ट्या पिशवीत घालून न्या. नावं लक्षात राहत नसतील तर काउंटरवर या, कागदावर लिहून देऊ.