लोडर घेण्याआधी सेंटर पिन बघा: व्हील लोडरच्या ब्रँडांची तुलना, वर्कशॉपच्या नजरेतून

तुर्भे, महापे, शिळफाटा या पट्ट्यातले लोडर दुरुस्त करणं हे आमचं काम. खडी क्रशर, आरएमसी (तयार काँक्रीटचे) प्लांट, भंगार यार्ड, डेब्रिज उचलणारे ठेकेदार ही आमची गिऱ्हाइकं. आम्ही कुठल्याही कंपनीचे डीलर नाही आणि नवीन मशीन विकण्यात आमचं कमिशन नाही. तरी आठवड्याला एक-दोन फोन हमखास येतात, "नवीन लोडर घ्यायचाय, कोणता घेऊ?" लाखांचा व्यवहार असतो, फोनवर दोन मिनिटांत उत्तर द्यायला जीव धजत नाही. म्हणून हे पत्रक.

आमचं मत सुरुवातीलाच सांगतो. पाच टनांच्या वर्गात आज जे ब्रँड मिळतात, त्या सगळ्यांत तुमचं काम ओढण्याइतकी ताकद आहे. पैसे बुडतात ते मशीन उभं राहिल्यावर. त्यामुळे हॉर्सपॉवर विचारण्याआधी विचारा, बिघाड झाला तर हे मशीन उघडणार कोण आणि पार्ट येणार कुठून?

दोन वर्षांपूर्वी जुलै महिन्यात शिळफाट्याच्या एका यार्डात अकरा दिवस एक लोडर उभा होता. इंजिन ठणठणीत, हायड्रॉलिक ठणठणीत, टायर नवे कोरे. गिअर सिलेक्टरची वायरिंग उंदरांनी कुरतडली होती आणि तेवढी एक हार्नेस देशात कुठे स्टॉकला नव्हती. मालकांनी भाड्याचा लोडर लावला, थांबलेल्या डंपरवाल्यांची समजूत काढली, आणि मशीनचा हप्ता ठरल्या तारखेला बँकेतून गेलाच. मशीन वाईट नव्हतं. त्याचे पार्ट आणि त्याची माणसं इथून फार लांब होती.

ब्रासचा हिशोब

कॅटलॉगमध्ये बकेट घनमीटरमध्ये लिहिलेली असते आणि आपण माल विकतो ब्रासमध्ये. १ ब्रास म्हणजे १०० घनफूट, म्हणजेच २.८३ घनमीटर. पाच टनी लोडरची ३ घनमीटरची बकेट खडीनं नीट भरली, की साधारण एक ब्रास पदरात पडतो. चार ब्रासचा डंपर चार बकेटांत भरतो. एका फेरीला ३०-४० सेकंद धरले तर अडीच मिनिटांत डंपर काट्याकडे निघाला. हेच काम २ घनमीटरच्या लोडरला सहा फेऱ्यांचं आहे. दिवसाला पंधरा डंपर भरणाऱ्याला त्यानं काही फरक पडत नाही. ऐंशी भरणाऱ्याला खूप पडतो. पंधरा डंपरवाल्यानं उगाच मोठं मशीन घेऊन डिझेल जाळू नये, असं आम्ही तोंडावर सांगतो.

आता वजन. सुकी खडी घनमीटरला दीड टनाच्या आसपास भरते, म्हणजे ३ घनमीटरला साडेचार टन. पाच टनांत बसलं. पण ऑगस्टमधली भिजून चिंब झालेली क्रश सँड घनमीटरला १.८ टनापर्यंत जाते, आणि तीच बकेट ५.४ टनांची होते. मशीनवर लिहिलेला पाच टनांचा आकडा कुठून येतो हे माहीत असावं. लोडर पूर्ण वळलेला असताना किती वजनाला तो पुढे कलंडतो ते मोजतात आणि त्याच्या निम्मं वजन चालवायला योग्य मानतात. म्हणून ५.४ टनांनी लोडर लगेच उलटत नाही, पण ते जास्तीचे चारशे किलो रोज शेकडो वेळा सेंटर पिनवर (लोडरचे पुढचे-मागचे भाग जोडणारा मधला सांधा), पुढच्या अ‍ॅक्सलवर आणि टायरवर बसतात. महाप्याचे एक जुने ऑपरेटर म्हणतात तसं, "वळून उचललं की मागचं अंग हलकं लागतं." ऑपरेटर असं बोलला तर त्याचं ऐका आणि पावसाळ्यात बकेट शिगोशीग भरू नका. कोळशासारख्या हलक्या मालाला उलट मोठी बकेट चालते.

ब्रँड, जसे आम्हाला दिसतात

जेसीबी म्हटलं की आपल्याकडे बॅकहोच डोळ्यांपुढे येतो, पण कंपनीचे व्हील लोडरही भरपूर दिसतात. ४३३-४ हे त्यातलं ओळखीचं मॉडेल. कारखाना पुण्याला. याची मोठी जमेची बाजू माणसांची आहे. या पिवळ्या मशीनवर हात बसलेला फिटर ठाणे जिल्ह्यात कुठेही मिळतो, आणि अर्ध्या रात्री होज फुटला तरी कुणीतरी येतं.

कॅटरपिलर आणि कोमात्सु इंजिन, ट्रान्समिशन, अ‍ॅक्सल बहुतेक स्वतःचेच वापरतात. त्यामुळे सगळं एकमेकांशी जुळलेलं असतं आणि पार्टबुकात गोंधळ नसतो. मात्र पार्टही त्यांच्याचकडून घ्यावे लागतात आणि किंमत पाहून नवखा मालक दचकतो. कॅटची ९५० मालिका आणि कोमात्सुचे डब्ल्यूए ३८०, डब्ल्यूए ४७० दगडाच्या खाणीत दोन-दोन पाळ्या चालतात. ही मशीन किती जगतात याचा एक दाखला देतो. हिंदुस्तान मोटर्सच्या तिरुवल्लूरच्या कारखान्यातून निघालेले एचएम २०२१ लोडर आम्ही स्वतः उघडले आहेत. तो कारखाना पुढे कॅटरपिलरकडे गेला, पण ते जुने लोडर नवे पिन-बुश घालून पुन्हा कामाला लागले.

व्होल्वोच्या लोडरचे हात वेगळ्या धाटणीचे असतात, कंपनी त्याला टीपी लिंकेज म्हणते. बाकीच्या बहुतेकांचे झेड-बार असतात. झेड-बारचा जोर जमिनीलगत, ढिगात घुसताना चांगला लागतो. टीपीचा जोर वरपर्यंत टिकतो आणि फोर्क लावला तर तो समांतर वर जातो. कळंबोलीच्या लोखंड बाजारात फोर्कवर माल हलवणाऱ्यानं हा फरक जरूर बघावा. खडीच्या ढिगाला त्याची गरज नाही.

लिउगाँग, एसडीएलजी, एक्ससीएमजी या चिनी ब्रँडांबद्दल दोन टोकांची मतं ऐकू येतात. आमचं मत मॉडेलनुसार बदलतं. लिउगाँगचा कारखाना इंदूरजवळ पीथमपूरला आहे, म्हणजे ट्रकला एका रात्रीचा रस्ता. त्यांच्या काही मॉडेलांत कमिन्सचं इंजिन आणि झेडएफचा गिअरबॉक्स येतो. कमिन्स पुण्यात १९६२ पासून इंजिनं बनवते आहे, तेव्हा लोडरचा डीलर फोन उचलो न उचलो, इंजिनाचे पार्ट मिळतात. काही मॉडेलांत वेइचाई इंजिन असतं, ते घेताना स्थानिक स्टॉक आधी तपासा. एक्ससीएमजीची मशीन आपल्याकडे श्विंग स्टेटर विकते, आणि आरएमसीवाल्यांकडे त्यांचे पंप व प्लांट आधीपासून असल्यानं सर्व्हिसची माणसं ओळखीची असतात. ही ओळख अडल्या वेळी उपयोगी पडते.

टाटा हिताचीचा झेडडब्ल्यू २२५ हाही पाच टनांच्या वर्गातला. पोकलेनसाठी ज्यांचे टाटा हिताचीशी आधीच संबंध चांगले आहेत, त्यांनी तो डेमोच्या यादीत जरूर घ्यावा.

मग आम्ही काय सुचवतो? सपाट काँक्रीटवर दिवसाला सहा-सात तास वाळू-खडी भरणाऱ्या आरएमसी प्लांटला कमिन्स आणि झेडएफ जोडीचा, कमी किमतीचा लोडर पुरतो. खाणीच्या तोंडाशी फोडलेला काळा दगड दोन पाळ्यांत उचलायचा असेल, तर कॅट, कोमात्सु किंवा व्होल्वोचे जास्तीचे पैसे डिझेलमधून आणि अ‍ॅक्सलच्या आयुष्यातून वळते होतात. तासाला नुसतं २ लिटर डिझेल वाचलं, तर वर्षाच्या २,००० तासांत ४,००० लिटर होतं. लिटरला ९० रुपये धरा, ३ लाख ६० हजार झाले. वर्षाला ८०० तासच चालणाऱ्या मशीनला हा हिशोब लागू पडत नाही.

डेमोच्या दिवशी काय उघडून बघायचं

विक्रेता मशीन ढिगात घालून दाखवेल. तुम्ही ते बंद करून उघडायला सांगा.

पहिली सेंटर पिन. वळताना लोडर मधोमध मोडतो तो याच सांध्यावर, आणि तोच गेला तर दुरुस्ती सगळ्यात महाग पडते. वरच्या-खालच्या बेअरिंगपर्यंत ग्रीस कसं पोचतं ते बघा. निपल बाहेर आणलेला आहे, की हेल्परला सांध्यात वाकून हात घालावा लागतो? हात घालावा लागत असेल, तर तो निपल चार दिवसांनी कुणी मारणार नाही. हे आम्ही कुणाला दोष म्हणून लिहीत नाही. चिखलात, अंधारात, सकाळी साडेसहाला ते काम खरंच अवघड असतं. जुनं मशीन घेत असाल तर ऑपरेटरला बकेट जमिनीवर दाबून पुढची चाकं किंचित उचलायला सांगा आणि लांबून, बाजूनं सांध्याकडे बघा. चाकं उचलताना दोन भागांमधली फट वर-खाली हलली, तर पिन-बुश किंवा बेअरिंग गेलं. इंजिन बंद करून लॉकिंग बार लावल्याशिवाय त्या सांध्याजवळ कुणीही जायचं नाही. दोन्ही भागांमध्ये माणूस सापडला तर वाचत नाही.

मग सगळे ग्रीस निपल मोजा. वीस-पंचवीस निघतील. जमिनीवर उभं राहून त्यातले किती मारता येतात, तेही मोजा. ऑटो ग्रीसिंग मिळत असेल तर दोन पाळ्यांच्या कामाला ती घ्याच.

दुसरा कूलर. आपल्याकडची खडीची भुकटी बारीक आणि जड असते. रेडिएटर, ऑइल कूलर, इंटरकूलर एकामागे एक लावलेले असतील तर ती मधल्या फटीत साचते, पावसाळी हवेत भिजते आणि प्लास्टरसारखी बसते. मग दुपारी कन्व्हर्टरचं (इंजिनाची ताकद गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचं) तेल तापतं आणि ऑपरेटर म्हणतो की मशीन ओढत नाही. अशी कितीतरी "गिअरबॉक्स गेला" म्हणून आलेली मशीन आम्ही नुसता कूलर धुऊन परत पाठवली आहेत. कूलर शेजारी-शेजारी आहेत का, फॅन झुलवून बाजूला करता येतो का, फॅन उलटा फिरतो का, हे बघा. आमच्या भागात उलटा फिरणारा फॅन ही चैन नाही.

तिसरे ब्रेक. कॅट, कोमात्सु, व्होल्वोच्या मोठ्या लोडरना अ‍ॅक्सलच्या आत तेलात बुडालेले डिस्क असतात. त्यांच्यापर्यंत चिखल पोचत नाही, पण काम निघालं तर अ‍ॅक्सल उघडावा लागतो आणि तेल सांगितलेल्या ग्रेडचंच लागतं. पाच टनी चिनी लोडरमध्ये बरेचदा बाहेरचे कोरडे डिस्क-कॅलिपर आणि हवेवरचे ब्रेक मिळतात. पॅड यार्डातच दोन तासांत बदलतात, पण खडीच्या चिखलानं झिजतातही लवकर. हवेच्या टाकीतलं पाणी रोज काढावं लागतं. खाडीकाठच्या दमट हवेत ही टाकी पावसाळ्यात किती पाणी धरते, ते एकदा स्वतः कॉक उघडून बघा.

टायरचा ब्रँडशी फारसा संबंध नाही. या वर्गात बहुतेकांना २३.५-२५ मापच लागतं. फोडलेल्या दगडात जास्त खोल नक्षीचा एल-५, प्लांटच्या फरशीवर साध्या नक्षीचा एल-३.

नवीन इंजिन, नवीन सवयी

रस्त्यावर नोंदणी होणाऱ्या बांधकाम यंत्रांना १ एप्रिल २०२१ पासून स्टेज ४ आणि जानेवारी २०२५ पासून स्टेज ५ प्रदूषण नियम लागू झाले. स्टेज ५ च्या इंजिनांत धुराची काजळी धरणारा फिल्टर असतो, आणि बऱ्याच इंजिनांना आपण ज्याला युरिया म्हणतो ते डीईएफही लागतं. काजळी जाळण्यासाठी इंजिनाला मधूनमधून चांगलं तापावं लागतं. डंपरची वाट बघत तासन् तास आयडलवर ठेवलेलं मशीन हा फिल्टर तुंबवतं. ऑपरेटरला हे आधीच समजावा, आणि कमी राख सोडणारं सीके-४ ग्रेडचं किंवा पुस्तकात दिलेलं तेलच घाला. जुन्या मशीनला चालणारं स्वस्त तेल इथे महागात पडेल.

अशा इंजिनाला लॅपटॉपशिवाय हात लावता येत नाही. म्हणून डीलरला स्पष्ट विचारा, लॅपटॉप घेऊन येणारा इंजिनिअर कुठे बसतो? नवी मुंबईत की पुण्यात? रविवारी येतो का? मशीनबरोबर मोबाइलवर माहिती देणारी यंत्रणाही येते, कोमात्सुची कॉमट्रॅक्स, जेसीबीची लाइव्हलिंक, व्होल्वोची केअरट्रॅक. तिच्यात आयडलचे तास बघायला शिका. आम्ही दुरुस्तीला आलेल्या मशीनचा तो आकडा सगळ्यात आधी बघतो.

सही करण्याआधी दोन फोन

वॉटर पंप, स्टार्टर, स्टीअरिंग सिलिंडरचं सील किट, ट्रान्समिशनचा सोलेनॉइड आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. या पाच पार्टांची किंमत आणि किती दिवसांत मिळतील, हे डीलरला फोन करून विचारा. मग बाहेरच्या एका पार्टवाल्यालाही विचारा. विक्रीच्या माणसाला विचारू नका, पार्टच्या खिडकीवरच्या माणसाला विचारा. कारखाना जवळ असला म्हणजे पार्टचं गोदाम जवळ असतंच असं नाही, तेव्हा गोदामाचा पत्ताही घ्या. उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी मागा आणि करारात तेवढे दिवस लिहून घ्या. त्याहून जास्त दिवस मशीन उभं राहिलं तर बदली मशीन मिळेल, हे कलम मागायला लाजू नका. दोन-तीन मशीन घेणाऱ्याला ते मिळतं, आम्ही मिळालेलं पाहिलं आहे.

आमच्याकडे सल्ल्यासाठी येताना चार गोष्टी लिहून आणा: सध्याच्या मशीनचे महिन्याचे तास, रोज भरणारे डंपर आणि ते किती ब्रासचे, मालाचा प्रकार, आणि जमीन काँक्रीटची की मुरमाची. डेमोचा दिवस ठरला की दोन दिवस आधी कळवा. आमचा एक फिटर टॉर्च, पहार आणि ग्रीस गन घेऊन येईल. या पाहणीचे आम्ही पैसे घेत नाही, आणि त्यानं जे पाहिलं ते तुमच्यासमोरच विक्रेत्याला सांगेल.