ग्लुटामेट-विषाक्तता (पक्षाघातातील)

मेंदूचा रक्तपुरवठा तुटल्यावर ग्लुटामेट या चेतासंदेशवाहकाच्या अतिरेकाने चेतापेशी मरण्याची प्रक्रिया. ठाणे-नवी मुंबईकडे ज्याला 'लकवा मारला' किंवा 'अर्धांग झालं' म्हणतात, त्यापैकी गुठळीने रक्तवाहिनी बंद पडण्याचा प्रकार येथे अभिप्रेत आहे.

ल्यूकस व न्यूहाउस यांना १९५७ मध्ये ग्लुटामेट टोचलेल्या उंदरांच्या पिल्लांत दृष्टिपटलाचे आतले थर नष्ट झालेले आढळले. मेंदूतही तसेच घडते हे जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये दाखवले. (वाशी किंवा ठाणे स्टेशनाबाहेर चायनीजच्या गाडीवर चिमटीने कढईत पडणारा अजिनोमोटो ग्लुटामेटच, पण पोटातून आलेल्या ग्लुटामेटला रक्त-मेंदू अडसर बराचसा बाहेरच ठेवतो. लकव्याचा दोष त्याला देऊ नये.) पक्षाघाताशी धागा जुळला तो साधारण १९८४ च्या सुमारास.

पेशींबाहेर साचणारे हे ग्लुटामेट येते कोठून, याबद्दल मतभेद आहेत. जुने मत असे की, चेतातंतूच्या टोकाशी असलेल्या, ग्लुटामेट साठवणाऱ्या सूक्ष्म पिशव्यांतून म्हणजे पुटिकांतून ते सांडते. रॉसी, ओशिमा व अ‍ॅटवेल (२०००) यांच्या मते मुख्य वाटा वाहक प्रथिनांचा. एरवी ही प्रथिने बाहेरचे ग्लुटामेट आत ओढतात. त्यासाठी सोडियमची आत-बाहेरची तफावत लागते आणि ती राखणारे पंप एटीपीवर, म्हणजे पेशीच्या ऊर्जारेणूवर, चालतात. एटीपी संपला, की तफावत मोडते व वाहक उलटे चालू लागतात. पेशीच्या आतली पातळी बाहेरच्या हजारो पट असल्याने थोडी गळतीही पुरते. रक्त पूर्ण थांबलेल्या गाभ्यापुरते हे स्पष्टीकरण अधिक पटते. भोवतालच्या अर्धपोषित पट्ट्यात मात्र पुटिकांना वगळणे कठीण.

पुढचे सर्वमान्य आहे. ग्लुटामेट ज्याला चिकटते त्या एनएमडीए ग्राहीच्या (पेशीच्या पटलावरील प्रथिनाच्या) छिद्रातले मॅग्नेशियमचे बूच निघते, कॅल्शियम आत घुसते, कॅल्पेन हे विकर पेशीचा सांगाडा कुरतडते, पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या तंतुकणिका निकामी होतात.

ग्राही रोखणारी सेल्फोटेल, गॅव्हेस्टिनेल ही औषधे प्राण्यांत गुणकारी, पण रुग्णांत निष्फळ ठरली. ती उशिरा पोचतात हे एक कारण दिले जाते. गुठळी विरघळवणारे औषध सर्वसाधारणपणे लक्षणे दिसल्यापासून साडेचार तासांतच देतात. झोपेत झटका आला, तर वेळ उठल्यापासून नव्हे, रुग्ण शेवटचा ठीक दिसल्यापासून धरतात. म्हणून घोडबंदर रोडच्या कोंडीतून रुग्ण आणणाऱ्यांना दारातच विचारतात : यांना शेवटचं नीट बोलताना कधी पाहिलंत?